सही केल्यानंतर माझे काय होईल? : यादवी युद्ध, नेते आणि बाहेरचे जग

कोल्हापुरात राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारलेला प्रश्न असा आहे : "सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली आहेत, तरी संयुक्त राष्ट्रे आणि मोठी राष्ट्रे निवेदनांपलीकडे जाताना दिसत नाहीत. मग यादवी थांबणे हे शेवटी त्या देशातल्या नेत्यांच्या इच्छेवरच अवलंबून असते का? बाहेरच्यांच्या हाती खरोखर काही असते का? आणि नसेल, तर भारताने आपले जवान अशा ठिकाणी का पाठवावेत?" लष्करात असताना मी कांगोच्या पूर्व भागात आणि पुढे दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर काम केले आहे आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात राहून हाच विषय शिकवतो, त्यामुळे हे उत्तर जरा विस्ताराने देतो.

युद्ध थांबवण्याचा निर्णय नेताच घेतो. त्याच्या वतीने तो दुसऱ्या कुणालाही घेता येत नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी नेता मनाशी जो हिशेब मांडतो, त्यातल्या बऱ्याच रकमा बाहेरच्यांच्या हातच्या असतात. शस्त्रे कुठून येतात, पैसा कोणत्या वाटेने येतो, शेजारचा देश कुणाच्या पाठीशी उभा राहतो आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे शस्त्र खाली ठेवल्यावर आपल्या जिवाची हमी कोण घेतो, हे प्रश्न एकट्या नेत्याला सोडवता येत नाहीत. तह मोडले की आपण नेत्यांच्या दुष्टपणाला बोल लावून मोकळे होतो. दुष्टपणा असतो, त्याबद्दल मी कोणताही भ्रम बाळगत नाही. पण नको नको ते केलेली माणसे तह पाळताना मी पाहिली आहेत आणि एरवी सभ्य असणारी माणसे तह मोडतानाही पाहिली आहेत. फरक बहुतेक वेळा एवढाच होता की "सही केल्यानंतर माझे काय होईल?" या प्रश्नाला पहिल्या ठिकाणी कुणीतरी पटण्याजोगे उत्तर दिले होते आणि दुसऱ्या ठिकाणी कुणी दिले नव्हते.

कांगोच्या उत्तर किवू प्रांतात, मासिसीच्या डोंगराळ भागात, एका सशस्त्र गटाच्या स्थानिक कमांडरशी आमची बोलणी होत असत. शाळेच्या पडक्या खोलीत चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असत आणि बोलणे स्वाहिलीतून फ्रेंचमध्ये व फ्रेंचमधून इंग्रजीत असा प्रवास करीत आमच्यापर्यंत पोहोचे. जमातीवर झालेला अन्याय, कुरणांचे वाद, राजधानीतल्या लोकांची बेपर्वाई यांवर तो बराच वेळ बोलत राही आणि आम्ही टिपून घेत असू. बैठक संपून वह्या मिटल्या की मग, उभ्याउभ्या, तो खरे प्रश्न विचारी. सरकारी सैन्यात घेताना माझा कर्नलचा हुद्दा कायम ठेवतील का? माझ्या पोरांचा पगार राजधानी किन्शासाहून निघून इथपर्यंत पोहोचेल, की वाटेतच गळेल? आणि आम्हाला किवूबाहेर हजार किलोमीटरवर बदली करून पाठवले, तर मागे आमची गावे आणि गुरे कोण राखील? या प्रश्नांची उत्तरे देणे आमच्या अधिकारात बसत नव्हते आणि ज्यांच्या अधिकारात बसत होते, ते त्या खोलीत कधी आले नाहीत.

हे प्रश्न क्षुल्लक वाटतील, परंतु कांगोच्या पूर्व भागातील पुढचा रक्तपात यांच्यावरच उभा राहिला. २३ मार्च २००९ रोजी कांगो सरकारने सीएनडीपी या बंडखोर गटाशी करार करून त्याच्या सैनिकांना सरकारी सैन्यात सामावून घेतले. हुद्दे, पगार आणि किवूबाहेरच्या बदल्या यांवरून कुरबुर वाढत गेली आणि २०१२ च्या वसंतात त्यांतल्याच अनेकांनी पुन्हा बंड केले. करार पाळला गेला नाही, हे जगाला सांगण्यासाठी त्यांनी आपल्या गटाला कराराच्या तारखेचेच नाव दिले : एम-२३. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी गोमा शहर घेतले. त्यानंतर जे घडले ते तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. या गटाला रवांडाचे साहाय्य असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवले होते, रवांडाने ते नाकारले होते, तरी अनेक देणगीदार देशांनी रवांडाची मदत रोखून धरली. मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २०९८ करून टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावी यांच्या सैनिकांची थेट कारवाईचे अधिकार असलेली ब्रिगेड उभारली. नोव्हेंबर २०१३ मध्ये हा गट कोसळला. पैसा, शेजारी आणि बंदूक या तिन्हींचा रोख काही महिने एकाच दिशेला होता, तेवढ्या काळात बाहेरच्यांना जमले. पुढे तो रोख विस्कटला, बंडखोरांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ ने गोमा पुन्हा घेतले.

नेता आणि बाहेरचे जग यांचा संबंध शुद्ध स्वरूपात पाहायचा असेल, तर मी विद्यार्थ्यांना नेहमी मोझांबिक आणि अंगोला शेजारीशेजारी ठेवून वाचायला सांगतो. दोन्ही पोर्तुगीजांच्या वसाहती, दोन्ही १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या, दोन्हीकडे शीतयुद्धाच्या छायेत वाढलेली यादवी आणि दोन्हीकडे नव्वदीच्या प्रारंभी झालेला शांतता करार. अंगोलात मे १९९१ च्या करारानंतर सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक झाली. एवढ्या अवाढव्य देशात देखरेखीसाठी संयुक्त राष्ट्रांनी साडेतीनशे लष्करी निरीक्षक आणि सव्वाशेच्या आसपास पोलीस निरीक्षक पाठवले होते. दोन्ही बाजूंच्या फौजा निवडणुकीपूर्वी पुरत्या विसर्जित झाल्याच नाहीत. अध्यक्षपद जिंकणाऱ्याला सर्व काही आणि हरणाऱ्याला काहीच नाही, अशी त्या व्यवस्थेची रचना होती. सरकारविरुद्ध लढणाऱ्या युनिटा या बंडखोर संघटनेचे नेते जोनास साविंबी पहिल्या फेरीत मागे पडले, त्यांनी निकाल अमान्य केला आणि ते पुन्हा जंगलात गेले. त्यांच्याकडे हिऱ्यांच्या खाणी होत्या, म्हणजे बाहेरच्यांच्या मदतीवाचून वर्षानुवर्षे लढण्याची ऐपत होती. पुढची दहा वर्षे, मध्यंतरीचा १९९४ चा लुसाका करार धरूनही, त्या देशाने जे भोगले ते लिहवत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेले आणि सहा आठवड्यांत शस्त्रसंधी झाली.

मोझांबिकमध्ये ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये अध्यक्ष जोआकिम चिसानो आणि रेनामो या बंडखोर संघटनेचे नेते अफोन्सो ध्लाकामा यांनी करारावर सह्या केल्या. रेनामोच्या क्रौर्याच्या कहाण्या साविंबींच्या तोडीस तोड होत्या, त्यामुळे तिथला नेता मुळातच चांगला होता असे म्हणायला जागा नाही. वेगळे होते ते बाकीचे सगळे. रोममधल्या सांत एजिदियो या कॅथलिक संघटनेने दोन वर्षांहून अधिक काळ घाई न करता बोलणी चालवली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट मावळत होती, त्यामुळे रेनामोचा जुना पोशिंदा सरला होता. हिरे नव्हते आणि देशात भीषण दुष्काळ होता. अंगोलाचा अनुभव ताजा असल्यामुळे संयुक्त राष्ट्रांनी या वेळी काही हजार सैनिक पाठवले, ज्यांत भारतीय तुकड्याही होत्या, आणि फौजा विसर्जित होईपर्यंत निवडणूक पुढे ढकलली. शिवाय मोहिमेचे प्रमुख आल्दो आयेल्लो यांनी देणगीदारांकडून निधी उभा करून रेनामोला राजधानीत घरे, कार्यालये आणि पक्ष चालवण्यापुरता पैसा मिळवून दिला. बंडखोराला पैसे देणे हे ऐकायला वाईट वाटते आणि तेव्हाही त्यावर टीका झाली. मात्र जंगलातल्या नेत्याला मापुतोत पक्षाध्यक्ष म्हणून ताठ मानेने राहता येईल, असे दुसरे आयुष्य त्या पैशाने समोर उभे केले. ऑक्टोबर १९९४ च्या मतदानाच्या ऐन तोंडावर ध्लाकामा यांनी बहिष्कार जाहीर केला, तेव्हा सगळे मुत्सद्दी एका सुरात बोलले आणि ते दुसऱ्या दिवशी परत फिरले. ते निवडणूक हरले आणि विरोधी पक्षनेते झाले. पुढे २०१३ च्या सुमारास तिथे पुन्हा चकमकी झडल्या, तेव्हा ही व्यवस्था कायमची होती असे मी म्हणणार नाही. पण दोन दशके ती टिकली.

आपल्या शेजारचे नेपाळ हे मला याहूनही शिकण्यासारखे उदाहरण वाटते, कारण तिथे बाहेरच्यांनी फार थोडे केले आणि जे केले ते अचूक केले. १९९६ ते २००६ या दहा वर्षांच्या माओवादी युद्धात तेरा हजारांहून अधिक माणसे मेली. नोव्हेंबर २००५ मध्ये सात पक्ष आणि माओवादी यांच्यात दिल्लीत बारा कलमी सहमती झाली आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोईराला व माओवादी नेते प्रचंड यांनी सर्वंकष करारावर सह्या केल्या. अडचण शस्त्रांची होती. माओवादी शरणागती पत्करायला तयार नव्हते आणि सशस्त्र माओवादी असताना निवडणूक घ्यायला बाकीचे पक्ष तयार नव्हते. त्यातून जी युक्ती निघाली ती मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. सात मुख्य छावण्यांमध्ये पोलादी कंटेनर ठेवले गेले. प्रत्येक शस्त्राची नोंद करून ते कंटेनरमधल्या रॅकवर ठेवले गेले आणि कंटेनरची किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे राहिली. मात्र दाराला भोंगा बसवला होता आणि बाहेर संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्र निरीक्षकांचे चोवीस तास लक्ष होते, त्यामुळे कुणी दार उघडलेच, तर ते लपून राहणार नव्हते. जितकी शस्त्रे माओवाद्यांनी ठेवली, तितकीच नेपाळी सेनेनेही कडीकुलपात ठेवली. संयुक्त राष्ट्रांची व्यवस्था लागेपर्यंतच्या पहाऱ्यासाठी भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या गुरखा जवानांना पाचारण केले होते, हे आपल्या भागातल्या माजी सैनिकांना मी आवर्जून सांगतो.

या व्यवस्थेचे मर्म असे की प्रचंड आपल्या कार्यकर्त्यांना सांगू शकत होते, आपण शस्त्रे टाकलेली नाहीत, किल्ली आपल्याच खिशात आहे. आणि कोईराला आपल्या लोकांना सांगू शकत होते, बंदूक आता कपाटात आहे आणि तिच्यावर जगाची नजर आहे. दोघांनाही आपापल्या माणसांसमोर मान खाली घालावी लागली नाही. आपल्याकडे ऊसदराच्या आंदोलनात कारखान्याच्या अध्यक्षांनी व्यासपीठावरून कितीही शब्द दिला, तरी पहिली उचल किती आणि केव्हा हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समोर लेखी झाल्याशिवाय रस्त्यावर अडवलेले उसाचे ट्रॅक्टर सुटत नाहीत. तिथे आकड्याइतकेच वजन तिसऱ्याच्या साक्षीला असते. नेपाळमध्ये ते साक्षीदाराचे काम १८६ निरीक्षकांच्या मंजूर संख्याबळावर झाले. जानेवारी २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांची मोहीम संपली आणि पुढचे काम नेपाळी नेत्यांनी स्वतः, बरीच वर्षे वाद घालत, पार पाडले. युद्ध मात्र परतले नाही.

आता उलट बाजू. बाहेरचे जग नेत्याचा हिशेब बिघडवूही शकते आणि याचे सर्वांत भयंकर उदाहरण रवांडा आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये अरुशा येथे सरकार आणि बंडखोर यांच्यात करार झाला होता आणि सुमारे अडीच हजारांची शांतिसेना तिथे होती. तिचे प्रमुख जनरल रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजीच न्यूयॉर्कला तार करून शस्त्रसाठे आणि हत्याकांडाची तयारी यांची माहिती कळवली होती. साठे जप्त करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि तुत्सी जमातीच्या लोकांची कत्तल सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी दहा बेल्जियन शांतिसैनिकांना ठार मारण्यात आले आणि बेल्जियमने माघारीचा निर्णय घेतला. त्याच दिवसांत फ्रेंच आणि बेल्जियन फौजा विमानांनी उतरल्या, त्यांनी आपापले नागरिक बाहेर काढले आणि त्या निघून गेल्या. ११ एप्रिलला राजधानी किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार माणसे बेल्जियन सैनिकांच्या आश्रयाला होती. सैनिक निघून गेले आणि त्यांतल्या बहुतेकांची त्याच दिवशी हत्या झाली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. त्या वर्षी रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता, म्हणजे कत्तल करणाऱ्या राजवटीचा प्रतिनिधी त्या टेबलाशी बसून जग काहीही करणार नाही हे आपल्या कानांनी ऐकत होता. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. आपल्या हातून काही होणे शक्यच नव्हते, असे नंतर अनेकांनी सांगितले. मला ते पटत नाही. त्या पंधरवड्यात बाहेरच्यांनी घेतलेला प्रत्येक निर्णय मारेकऱ्यांच्या नेत्यांपर्यंत पोहोचत होता आणि प्रत्येक निर्णयानंतर त्यांचे धाडस वाढत होते.

त्या शाळेच्या फाटकाची आठवण ठेवूनच १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबामध्ये, वेगळा निर्णय झाला. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी काही महिन्यांपूर्वी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रिक माचार यांच्या फौजांत गोळीबार सुरू झाला, जमातीवरून माणसे वेचून मारली जाऊ लागली आणि हजारो लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे धावले. फाटके उघडली गेली. चार दिवसांनी अकोबो येथील छोट्या तळावर, आश्रयाला आलेल्यांना ठार मारण्यासाठी जमावाने हल्ला केला, त्यात दोन भारतीय जवान धारातीर्थी पडले. मी त्या देशात गेलो तेव्हा तळांच्या कुंपणाआड वस्त्या उभ्या होत्या. एका टप्प्यावर अशा आश्रितांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. पावसाळ्यात काळी माती गुडघ्यापर्यंत येई, शौचखड्डे तुंबत आणि तंबूंमधून वाहणारे पाणी काढायला चर खणणे हे आमच्या अभियंत्यांचे रोजचे काम असे. बायका सरपणासाठी कुंपणाबाहेर जात, तिथे त्यांच्यावर अत्याचार होत. म्हणून आमच्या गस्तीच्या वेळा त्यांच्या सरपणाच्या वेळांशी जुळवाव्या लागत आणि ती वेळ ठरवायला वस्तीतल्या ज्येष्ठ बायकांबरोबर बसावे लागे. गस्त दोन तास उशिरा निघाली, तर त्याची किंमत कोण मोजणार हे सगळ्यांना ठाऊक होते. सामान्य माणसाच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय प्रतिसाद म्हणजे हे असते आणि तो मिळाल्याने असंख्य लोक जिवंत राहिले, हे मी ठामपणे म्हणतो.

परंतु फाटक उघडल्याने युद्ध थांबत नाही. कीर आणि माचार यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या शेजारी देशांच्या संघटनेत युगांडा होता आणि युगांडाचेच सैन्य कीर यांच्या बाजूने लढत होते. ऑगस्ट २०१५ च्या करारावर कीर यांनी आपल्या आक्षेपांची यादी जोडून, दबावाखाली सही केली. एप्रिल २०१६ मध्ये माचार राजधानीत परतले ते आपले सैनिक सोबत घेऊनच, कारण त्यांच्या जिवाची दुसरी कोणतीही हमी कुणी देऊ केली नव्हती. एका शहरात दोन फौजा ठेवल्यावर जे व्हायचे ते जुलैत झाले. सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी घातली ती जुलै २०१८ मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर साडेचार वर्षांनी. त्याच वर्षी सुदान आणि युगांडा हे दोन परस्परविरोधी पाठीराखे एकत्र आले आणि नवा करार झाला. त्याने मोठी लढाई थांबली, पण फौजांचे एकत्रीकरण कागदावरच राहिले आणि मार्च २०२५ मध्ये माचार यांना नजरकैदेत टाकले गेले. नेत्याला दिलेली हमी फक्त समोरच्या नेत्याच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर ती हमी नव्हे.

इथे एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल आणि तो रास्त आहे. ज्यांनी हजारोंचे हातपाय तोडले, त्यांना आश्वासने, पदे आणि पैसा देणे हा न्याय आहे का? सिएरा लिओनमध्ये जुलै १९९९ च्या लोमे करारात बंडखोर नेता फोदे सांको याला माफी, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि खनिजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद दिले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने मात्र सही करताना शेरा लिहिला की मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना ही माफी आम्ही लागू मानत नाही. दहा महिन्यांत सांकोच्या माणसांनी सुमारे पाचशे शांतिसैनिकांना ओलीस धरले. भविष्य दाखवले होते, पण करार मोडला तर काय होईल हे कुणी दाखवले नव्हते. ब्रिटिश सैन्य उतरले, शांतिसेना वाढवली गेली, तेव्हा कुठे पारडे फिरले. शेजारच्या लायबेरियाचे चार्ल्स टेलर यांनी ऑगस्ट २००३ मध्ये नायजेरियात आश्रय मिळण्याच्या बोलीवर सत्ता सोडली. २००६ मध्ये त्यांना पकडून देण्यात आले आणि २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने पन्नास वर्षांची शिक्षा ठोठावली. त्या शिक्षेचे मला समाधान आहे. तरीही त्यानंतर कोणत्याही हुकूमशहाला "देश सोडा, तुम्हाला कुणी हात लावणार नाही" हे पटवणे अवघड झाले, हे मध्यस्थी करणाऱ्यांना सतत जाणवते. माझे मत असे की जी माफी पाळण्याचा इरादा नाही, ती देऊच नये. राजकीय पद, सुरक्षितता आणि फौजेतल्या सामान्य पोरांचे पुनर्वसन द्यावे. गुन्ह्यांची माफी कराराबाहेर ठेवावी आणि ते टेबलावर स्पष्ट सांगावे. याने बोलणी लांबतात, पण फसवणूक होत नाही.

सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकाराबद्दल सगळे बोलतात, म्हणून त्यावर थोडेच लिहितो. मार्च २०११ मध्ये लिबियासाठी ठराव १९७३ झाला तेव्हा रशिया, चीन आणि भारत तटस्थ राहिले. नागरिकांच्या रक्षणासाठी मिळालेला अधिकार राजवट उलथण्यापर्यंत ताणला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून सीरियावरील ठराव रशिया आणि चीन रोखू लागले. लिबियात जो विश्वास खर्च झाला, त्याची वसुली सीरियातल्या लोकांकडून झाली. याउलट केनियात २००७ च्या डिसेंबरमधील निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, हजारावर माणसे मेली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान जानेवारी २००८ मध्ये नैरोबीला पोहोचले आणि त्यांनी पहिली अट घातली की मध्यस्थीचे टेबल एकच राहील. अमेरिकेपासून आफ्रिकी संघापर्यंत सर्वांनी ती पाळली. कुठल्याही नेत्याला दुसऱ्या दुकानात जास्त चांगला भाव मिळण्याची आशा उरली नाही आणि २८ फेब्रुवारीला अध्यक्ष किबाकी व विरोधी नेते ओडिंगा यांच्यात सत्तावाटपाचा करार झाला.

सुदानमध्ये नेमके हेच झालेले नाही. लष्करप्रमुख जनरल बुरहान आणि निमलष्करी दलाचे प्रमुख हमदान दगालो, म्हणजे हेमेदती, या दोघांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळून नागरी सरकार उलथले होते आणि पुढे फौजांच्या एकत्रीकरणावरूनच त्यांचे बिनसले. जेद्दा, आफ्रिकी संघ, पूर्व आफ्रिकी देशांची संघटना, कैरो, जिनिव्हा अशी अनेक टेबले मांडली गेली आणि दोघेही सोयीचे टेबल निवडत राहिले. संयुक्त अरब अमिरातींकडून हेमेदती यांच्या फौजेला शस्त्रे जातात, असे आरोप झाले आहेत आणि अमिरातींनी ते नाकारले आहेत; बुरहान यांनाही बाहेरून शस्त्रे मिळत आली आहेत. सुरक्षा परिषदेची शस्त्रबंदी फक्त पश्चिमेकडच्या दार्फूर भागापुरती आहे. संयुक्त राष्ट्रांची राजकीय मोहीम सुदान सरकारच्या मागणीवरून डिसेंबर २०२३ मध्ये बंद करण्यात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर दार्फूरमधले एल फाशर शहर हेमेदती यांच्या फौजेच्या हाती पडले आणि तिथे कत्तल झाली. तरीही एक गोष्ट विसरू नका : एप्रिल २०२३ मध्ये जगभरचे देश आपापली माणसे बाहेर काढत होते, भारतानेही 'ऑपरेशन कावेरी'खाली हजारो नागरिक पोर्ट सुदानमार्गे आणले, तेव्हा याच दोन सेनापतींनी, अर्धवट का होईना, शस्त्रसंधी पाळली होती. सगळ्या राजधान्यांना एकच गोष्ट एकाच वेळी हवी होती, म्हणून ते घडले. बाहेरच्यांच्या हाती काही असते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या काही दिवसांत आहे.

जिथे हे सगळे फसते, तिथे उरतो तो आश्रय. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छळछावण्यांतून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, त्यांत बहुतांश बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्यात जागा मिळाली. ती यादवीची झळ नव्हती, पण युद्ध चालू असताना माणसे जगवणे म्हणजे काय, हे पाहायला कोल्हापूरकरांना दूर जावे लागत नाही. आज चाड आणि युगांडासारखे गरीब देश लाखो निर्वासितांचा हा भार वाहत आहेत आणि त्यांना मिळणारा निधी अपुरा आहे.

शेवटी भारताच्या जवानांबद्दल. आपला सर्वांत कडवा अनुभव श्रीलंकेचा आहे. २९ जुलै १९८७ चा करार राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात झाला. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची होती, त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेची त्यावर सही नव्हती. साक्षीदार म्हणून गेलेली आपली सेना काही आठवड्यांत लढाईतला पक्ष झाली, सुमारे बाराशे जवान गमावून मार्च १९९० मध्ये परतली, आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली गेलेली नव्हती. सिएरा लिओनमध्ये कैलाहून या गावी आपल्या तुकडीला सुमारे अडीच महिने वेढा पडला होता. जुलै २००० मध्ये 'ऑपरेशन खुकरी' करून जवानांना सोडवावे लागले. आजवर दोन लाख नव्वद हजारांहून अधिक भारतीयांनी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत काम केले आहे आणि सुमारे १८० जणांनी प्राण दिले आहेत. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात हे आकडे माणसांच्या चेहऱ्यांसह माहीत असतात.

माझे उत्तर असे की जवान पाठवावेत, कारण फाटकाच्या आत आलेल्या माणसाला वाचवणारे दुसरे कुणी तिथे नसते. मात्र पाठवण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. करारावर लढणाऱ्या सगळ्यांच्या सह्या आहेत का, दिलेल्या कामाला पुरेसे मनुष्यबळ आणि जखमींना वेळेत हलवण्यासाठी हेलिकॉप्टर आहेत का, आणि सुरक्षा परिषदेतले स्थायी सदस्य त्या देशातल्या नेत्यांवर आपले वजन एका दिशेने टाकणार आहेत का? मोहिमेचे अधिकार ठरवणारे देश वेगळे आणि जवान देणारे देश वेगळे, ही आजची स्थिती आहे. सुरक्षा परिषदेबाहेरच्या देशाचे सैन्य वापरायचे असेल, तर त्या वापराच्या निर्णयात त्याला सहभागी करून घ्यावे, अशा अर्थाची तरतूद संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४४ व्या कलमात १९४५ पासून आहे आणि भारत तिचा आग्रह अनेक वर्षे धरत आला आहे. पुढच्या प्रत्येक तुकडीच्या रवानगीपूर्वी तो आग्रह अट म्हणून मांडला जावा, अशी माझी मागणी आहे.